घडी मोडायला दिलेली चंदेरी

प्रतापनगर, बडोदे
९ फेब्रुवारी १९९४

निरू,

पोचले एकदाची. स्टेशनवर आबा स्कूटर घेऊन आले होते. महिनाभर बंगळूरला राहिलेली मुलगी आणि तिच्या दोन फुगलेल्या सुटकेसा एका स्कूटरवर कशा मावणार, हे रेल्वे वर्कशॉपातल्या फोरमनच्या डोक्यात आलं नाही. शेवटी सुटकेसा रिक्षात आणि मी आबांच्या मागे. रस्त्यात त्यांनी एवढंच विचारलं, "नीट चाललीस ना?" म्हटलं, नीट चालले. "मग झालं," म्हणाले. आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. घोडा असो की मुलगी, आमच्याकडे आधी चाल बघतात.

सौंदर्यस्पर्धेत माझा नंबर आला नाही याचं दुःख आमच्या क्वार्टर्समध्ये कुणाला झालेलं दिसत नाही. शेजारच्या हंसाबेन तर म्हणाल्या, बरं झालं, नाहीतर आता आम्हाला ओळखलंही नसतंस. आईचं मात्र तसं नाही. स्पर्धेचं ठरल्यापासून रोज सकाळी माझ्यासाठी गाजराचा रस काढायची, तो बंद झाला आहे. विचारलं तर म्हणते, "आता कशाला?" मला तो रस कधीच आवडला नव्हता. तरी रिकामा पेला पाहून वाईट वाटलं.

सकाळ सगळ्यात वाईट जाते. डोळे उघडले की मी अजून पलीकडच्या पलंगाकडे बघते. तिथे तू नसतेस, गाद्यांची चवड असते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने खोल्या वाटल्या म्हणून आपण भेटलो, एमनंतर एन. आईने माझं नाव कावेरी ठेवलं असतं, तर आरशाशी गप्पा मारणारी ती दिल्लीची पोरगी माझ्या वाट्याला आली असती. या विचाराने मला अजून घाम फुटतो.

पहिल्या दिवशी चालायला शिकवणारे सर माझ्यावर किती चिडले होते, आठवतं? सारखी डावीकडे का वळतेस, मागे का बघतेस. त्यांना काय सांगणार? मी लहानपणापासून नवरात्रात अनवाणी गोल फिरत आले आहे. गरब्यात पुढच्या बाईची पाठ बघून पाऊल टाकायचं आणि मागचीला जागा ठेवायची. सर म्हणायचे, पुढे कुणीच नाही असं समजून चाल. तेच मला जमेना. मग तू म्हणालीस, "मृदे, मी पुढे चालून राहिले असं समज, आणि बस माझ्या मागे ये." तुझा नंबर माझ्या नंतरचा, तू खरं तर मागेच असायचीस. पण त्या दिवसापासून मी तुझ्याच मागे चालले. इथे प्रतापनगरच्या बाजारातही तशीच चालते.

आता साडीचं. आईला अजून सांगितलेलं नाही. निघताना तिने पोशाखांच्या फेरीसाठी नऊवारी चंदेरी माझ्या हातात दिली तेव्हा काय बजावलं होतं, ते तुला माहीतच आहे. नव्या साडीची घडी आपण मोडायची नाही. आधी आपल्या एखाद्या माणसाने अंगाला लावायची, मग आपण नेसायची. आत्याला बोलवायला वेळ नव्हता, म्हणून म्हणाली, "तिथे कुणी चांगली मुलगी भेटली तर तिला पाच मिनिटं नेसव आणि काढून घे." पाच मिनिटं. काल विचारत होती, चंदेरी कुठे आहे. म्हटलं, ड्रायक्लीनिंगला दिली. बडोद्याला की बंगळूरला, हे विचारायच्या आत नशिबाने हंसाबेन आल्या.

स्टेशनवर तू म्हणालीस ते लक्षात ठेव. घडी मोडलेली साडी पोस्टाने परत करत नाहीत, हातात आणून देतात. त्या चंदेरीतले तुझे विजेतीचे फोटो एकदा काढून झाले की ये. सेव-उसळ खायला घालीन. इंदूरची माणसं खाण्याच्या बाबतीत फार मिजास करतात, तेव्हा एकदा खाऊनच बघ.

तुझी खूप आठवण येते. वळणं घेऊन लिहिता येत नाही म्हणून सरळ लिहिलं.

मृदुला

प्रतापनगर
२७ फेब्रुवारी १९९४

प्रिय निरू,

काल आपला कार्यक्रम टीव्हीवर लागला. आमच्या बाहेरच्या खोलीत क्वार्टर्सची अख्खी लाइन गोळा झाली होती. हंसाबेन आणि त्यांच्या सुना, आबांबरोबर वर्कशॉपात असणारे धनाजीराव आणि त्यांची मंडळी, शिवाय मी ज्यांना ओळखतही नाही असे काही. आईने सगळ्यांना चहा दिला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. सकाळपासून तिला सांगेन सांगेन म्हणत होते. पण ती इतकी खुशीत होती की तोंड उघडेना.

पोशाखांची फेरी आली. कॅमेरा पायांपासून वर चढत होता. आधी पाऊल दिसलं, मग अबोली रंग, मग तो बारीक जरीचा काठ. आणि आई उभी राहिली. सगळ्यांसमोर म्हणाली, "आली माझी मृदू."

निरू, मी तिच्या शेजारी बसले होते.

मग तुझा चेहरा आला. हंसाबेन म्हणाल्या, "आ तो तमारी साडी छे ने, स्नेहलताबेन?" आई स्वयंपाकघरात गेली आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. माझी फेरी कापली होती, शेवटच्या घोळक्यात तेवढी मी येऊन गेले, भाड्याच्या चणिया-चोळीत. धनाजीरावांनी टाळ्या वाजवल्या. तू फार सुंदर दिसत होतीस, खोटं कशाला बोलू. पहिलं बक्षीस तुला मिळणारच होतं.

सगळे गेल्यावर आईला सांगितलं. तुझ्या आईची माहेश्वरी हॉटेलच्या इस्त्रीत जळली, तेव्हा नेमकी तू माझी चंदेरी नेसून आरशासमोर उभी होतीस. स्पर्धेच्या मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या की हीच नेसून चल. वर मला म्हणाल्या, तू गुजरातची आहेस, तू नऊवारी नेसलीस तर लोकांना कळणार काय? बडोद्यात आम्ही पिढ्यान् पिढ्या नऊवारी नेसत आलो, हे मी त्यांना समजावत बसले असते तर फेरी संपली असती. आणि तू किती वेळा नाही म्हणालीस, तेही सांगितलं. निऱ्या तू उपसायला लागली होतीस आणि मीच परत खोचल्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घडी मोडायला दिली होती. मिरवायला नाही. आपलं नशीब असं दुसरीच्या अंगावर घालतात का?" मला विचारशील तर तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन. पण हे तुला सांगते आहे, आईला नाही.

ती साडी आता मला नको, असं म्हणते. मनावर घेऊ नकोस. दोन दिवस गेले की राग उतरेल. तू साडी घेऊन दारात उभी राहिलीस की तिला खायला काय करू नि काय नको असं होईल. मी तिला ओळखते.

तुझी मृदुला

प्रतापनगर
२८ सप्टेंबर १९९५

निरूबाई, मुक्काम मुंबई,

तुमची केसांच्या तेलाची जाहिरात बघितली. आबांनी आवाज मोठा केला. आई उठून गेली नाही, नजर वर न उचलता भाजी निवडत बसली. ही प्रगती समज.

तुझी पत्रं आता पोस्टकार्डाएवढी झाली आहेत. त्यातही अर्धं कार्ड माझीच विचारपूस. मला तुझी हकीकत हवी असते. मागच्या कार्डात लिहिलंस, सगळे विचारतात अजून किती बारीक होशील, आणि लगेच पुढच्या ओळीत तिथल्या हवेवर घसरलीस. निरू, तू नीट जेवतेस का? खोलीत बरोबर कोण आहे? तिच्याशी पटतं का? पटत असेल तर मला थोडं वाईट वाटेल, पण सांग.

मी सावली गावाच्या रस्त्यावर एका कंपनीत लागले आहे. बस नेते, बस आणते. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, तुम्ही त्याच का त्या स्पर्धेतल्या? हो म्हटलं. मग म्हणाले, टायपिंग येतं का? येतं. बस, तिथे माझी कीर्ती संपली, आणि खरं सांगू का, हायसं वाटलं.

सध्या नवरात्र चालू आहे. कालही गेले होते. इतक्या बायका, एकात एक गोल, आणि सगळ्या अनवाणी. मी चालताना पुढे एकीपुरती जागा सोडते. परवा मागच्या मुलीने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बेन, जरा झडप राखो ने." तिला काय माहीत की ती जागा कुणाची आहे. मी भरभर पाय उचलला.

या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, पण एकदा ये. साडीचं निमित्त आहेच. तू ती आणून दिलीस की दोघींनी मिळून ती आईसमोर ठेवायची, म्हणजे तिचंही मन मोकळं होईल. तिने ती चंदेरी किती दिवस मनात धरून मग विकत घेतली होती, तुला कल्पना नाही. आणि साडीचं सगळं झालं की तू फक्त माझी पाहुणी.

वाट बघणारी,
मृदुला

प्रतापनगर
२ डिसेंबर १९९६

निरुपमा,

पूर्ण नाव लिहिलं आहे, त्यावरून काय ते ओळख.

दिवाळीत येते असं लिहिलं होतंस. स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात, खाली रेघ ओढून. मी कंपनीतून रजा काढली होती. पाडव्याला गोत्रीला शिंप्याकडे जावं लागलं, तिथेही सारखी घड्याळ बघत होते, की एवढ्यात तू येऊन बसली असशील आणि आईशी काय बोलावं ते तुला सुचत नसेल. धावतपळत परत आले. आई अंगणात रांगोळी नीट करत बसली होती. विचारलं, कुणी आलं होतं का? म्हणाली, "कोण येणार?"

भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, पण तू नाहीस आणि तुझं कार्डही नाही.

आता बातमी. माझं लग्न ठरलं आहे, दिवाळीआधीच; तू आलीस की तोंडी सांगणार होते. मुलाचं नाव अनुज. घराणं जुन्या दरबारी पंडितांचं, त्यामुळे बोलतो कमी आणि वाचतो फार. युनिव्हर्सिटीत शिकवतो. बघायला आले तेव्हा मीच सांगून टाकलं, मी अशा अशा स्पर्धेला गेले होते, तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ताच बोला. त्यावर त्याने विचारलं, तिथे मैत्रिणी झाल्या का? निरू, आजवर मला सगळ्यांनी विचारलं की तिथे घालायला काय दिलं, खायला काय दिलं, कोण कोण भेटलं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच हो म्हणून टाकलं. लग्नाला की मैत्रिणींना, ते त्याचं त्याने ठरवावं.

लग्न एकोणीस जानेवारीला आहे. पत्रिका सोबत आहे. तुझी जागा बोहल्याच्या मागे, करवलीची. दुसरी कुणी उभी राहायला तयार असली तरी मी राहू देणार नाही.

घरात सध्या फराळाचा सुकाळ आहे. आईकडे कुठून तरी इंदुरी लवंग शेव आली, हंसाबेनच्या कुणी पाहुण्यांनी आणली म्हणे. आईने हात लावला नाही. डबा मी एकटीने संपवला. तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी, आणि प्रत्येक घासाला तुझी आठवण. तू रात्री सुटकेसमधून काढून चोरून खायचीस ती हीच ना?

ये. रागावले आहे, तरी ये.

मृदुला

दांडिया बाजार, बडोदे
१४ जून १९९७

निरू,

लग्नाच्या पत्रिकेनंतरची तीन पत्रं परत आली आहेत. पाकिटावर 'राहत नाही' असं लाल शाईत लिहिलं आहे. इंदूरच्या पत्त्यावर पाठवलं, तिथेही नवीन भाडेकरू आहेत. तुझे बाबा गेल्याचं आणि आई मामांकडे गेल्याचं त्या भाडेकरूंच्या पत्रातून कळलं. हे तू मला का कळवलं नाहीस?

मी काही चुकीचं लिहिलं का? मागचं सगळं आठवून बघितलं. तुला थट्टा बोचते असं कधी वाटलं नव्हतं. बोचली असेल तर सांगायचं होतंस, निरू. मी बोलते फार, पण ऐकतेही.

करवली म्हणून मी कुणालाच उभं केलं नाही. फोटोत बोहल्यामागे एक रिकामी जागा आहे आणि तिथून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं.

हे पत्र कुठे टाकू, कळत नाही. मुंबईच्या पत्त्यावरच टाकते आहे.

मृदुला

दांडिया बाजार
४ फेब्रुवारी २००१

निरू,

पत्ता जुना आहे हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

सव्वीस जानेवारीला सकाळी जमीन हलली. मी मुलीला वेणी घालत होते. तशीच कडेवर घेऊन खाली धावले, एक वेणी झालेली आणि एक मोकळी. आमचं सगळं ठीक आहे. भिंतीला भेग गेली, बाकी काही नाही. कच्छमधलं टीव्हीवर पाहवत नाही.

त्यानंतर आठवडाभर फोन वाजत होता. गुजरात म्हटलं की लोकांना सगळा एकच वाटतो. नागपूरहून मामा, पुण्याहून नणंद, अहमदाबादहून मिताली. मितालीला विसरली नसशील, आपल्या शेजारच्या खोलीतली, हसली की उचकी लागणारी. फोन वाजला की मी अनुजच्या आधी धावायचे. त्याने एकदा विचारलं, कुणाच्या फोनची वाट बघते आहेस? मी म्हटलं, कुणाच्याच नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजला की तो उचलायचाच नाही, मला उचलू द्यायचा.

तुला आमची आठवण झाली असेल, अशी माझी समजूत आहे. बडोद्याचं नाव बातम्यांत ऐकून तू थांबली असशील. एवढं मी धरून चालते. पुढे कुणी आहे असं समजून चालायचं तूच शिकवलं होतंस ना?

मृदुला

गोत्री, बडोदे
२१ नोव्हेंबर २००४

माझी निरू,

या वेळी पत्ता बरोबर आहे. मितालीने दिला. तिची भाची तू शिकवतेस त्या शाळेत आहे, पचमढीला. मिताली वार्षिक संमेलनाला गेली होती, तिथे पोरींना रांगेत उभं करताना तू दिसलीस म्हणे. केस कापले आहेस, चष्मा आला आहे, आणि पोरी तुला जाम घाबरतात. मिताली तुझ्या खोलीवर चहाला आली होती ना? माझं नाव काढल्यावर तू उठून खिडकी लावलीस, असं तिने सांगितलं. आणि कपाटात मलमलीत गुंडाळलेली चंदेरी तिने पाहिली. तू नेसत नाहीस. विचारलं तर म्हणालीस, दुसऱ्याची आहे.

आता मी जे लिहिते आहे ते नीट वाच. मला स्वतःला ते कळून चार दिवस झाले आहेत.

आम्ही गोत्रीला घर घेतलं. पुढच्या महिन्यात वास्तुशांत करायची आहे. तयारीसाठी आई-आबा आले होते, सासूबाई होत्याच. सासूबाईंचा एक छंद आहे. घरात कुणीही आलं की आपल्या स्पर्धेची कॅसेट लावायची. गॅसची टाकी आणणाऱ्यालाही त्यांनी दाखवली आहे. आबांनी ती दहादा बघितली असेल. आईने त्या दिवसानंतर एकदाही बघितली नव्हती, काहीतरी काम काढून उठायची. या वेळी गुडघे धरले होते म्हणून उठता आलं नाही.

मी चहा घेऊन आले तेव्हा शेवट चालू होता. तुला मुकुट घातला, तुला पुढे उभं राहायचं होतं. आणि तू वळून मागच्या रांगेत आलीस, माझा हात धरून शेजारी उभी राहिलीस. मॅडम खुणा करत होत्या, पुढे ये, पुढे ये. तू हललीच नाहीस. मला ते माहीत होतं, पण आई त्या वेळी स्वयंपाकघरात होती. तिने सासूबाईंना पुन्हा मागे न्यायला सांगितलं. पुन्हा बघितलं.

संध्याकाळी तिने पिशवीतून नवी चंदेरी काढली, मोरपंखी. वास्तुशांतीला नेस म्हणाली. मग म्हणाली, "घडी मोडायला कुणाला देतेस?" मी तिरसटपणे म्हटलं, "माझी घडी मोडणारी कुठे आहे आता? तिने तर ओळखच मोडली." आई पलंगावर बसली. साडी मांडीवर होती. म्हणाली, "मृदू, ती आली होती."

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवाळीत, पाडव्याला. तू शिंप्याकडे गेली होतीस. दारात उभी राहिली, पाया पडली. हातात साडी आणि शेवेचा डबा होता. मी तिला आत घेतलं नाही. म्हटलं, मृदुलाचं लग्न ठरलं आहे, तिच्या सासरी हे असलं चालत नाही. मृदुलानेच सांगितलंय, तुला सांग म्हणून. साडी तूच ठेव. ती 'काकू, एकदा भेटून जाते' म्हणाली. मी म्हटलं, नको. मग डबा उंबऱ्यावर ठेवून गेली."

निरू, ती शेव तू आणली होतीस.

मी ती खाल्ली आणि तुला रागावून पत्र लिहिलं, की आली नाहीस. ते पत्र तुला मिळालं असेल तर तू काय समजली असशील, मला कल्पनाही करवत नाही. बहुतेक मिळालं नसेल. तू तेव्हाच ती खोली सोडली असशील. माझ्या सासरी काय चालत नाही म्हणे. ज्या सासूबाई टाकीवाल्याला कॅसेट दाखवतात, त्यांना. असं काही मी कधी म्हटलं नाही. मनातही आलं नाही. मी त्या दिवशी घड्याळ बघत गोत्रीला बसले होते, आणि परत आले तेव्हा रांगोळी का विस्कटली होती, हे मला आठ वर्षांनी कळलं. तुझं पाऊल पडलं होतं.

आईवर मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. आबा बाहेरून आत आले, अनुजने मुलीला खाली नेलं. आई एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, तिने तुझं घेतलं. त्या दिवशी टीव्हीवर मी तुला बघायला उभी राहिले होते. ती आली. ते काही माझ्या मनातून जाईना." मग म्हणाली, "पण ती मागे आली होती गं. मी बघितलंच नव्हतं." आणि रडली. माझी आई रडते तेव्हा आवाज करत नाही, फक्त पदर शोधत राहते. मला तिचा राग येत होता आणि तिला पदर शोधून द्यावासाही वाटत होता. दिला शोधून.

दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती मोरपंखी साडी घेऊन आली. पुन्हा जुन्या घडीवर घडी बसवून, वर कागद गुंडाळून, सुतळी बांधून. म्हणाली, "पचमढीला पार्सल जातं का?"

तर ही साडी तुझ्याकडे येते आहे. न मोडलेली घडी पोस्टाने पाठवायला हरकत नाही, असं आईचंच म्हणणं. घडी तूच मोडायची, असंही तिचंच म्हणणं. मी म्हटलं, गेल्या वेळी मोडली तेव्हा तर तू म्हणत होतीस, माझं नशीब गेलं. त्यावर म्हणाली, "काय गेलं? नवरा चांगला मिळाला, पोरगी चांगली आहे. एकच गेलं आणि ते मी घालवलं." माझ्या आईकडून एवढं ऐकायला मी या वयाची व्हावी लागले.

पुढचं तुला माहीत आहे. घडी मोडलेली साडी पोस्टाने परत करत नाहीत. अबोलीही आण आणि ही मोरपंखीही. वास्तुशांतीची तारीख आम्ही गुरुजींना सांगितलेली नाही. अनुज म्हणतो, तिला विचार, शाळेला सुट्टी कधी आहे. घर तोवर थांबेल.

तू रागावली असशील तर तुझा हक्क आहे. यायचं नसेल तर एक कार्ड टाक. मी समजून घेईन असं लिहायला हात उचलत नाही, पण टाक. आलीस तर स्टेशनवर आबा येतील. आता मारुती आहे, सुटकेसा मावतात. ते तुला एकच प्रश्न विचारतील, तो तुला ठाऊक आहे.

मी म्हटलं होतं, तू आलीस की धावत खाली येईन. आईने मला गप्प केलं. मधल्या खोलीत बसून राहायचं, पुढे यायचं नाही, अशी ताकीद दिली आहे. बेल वाजली की गुडघे दुखोत नाही तर काय होवो, दार ती उघडणार आहे.

तुझी,
मृदुला